‘हेक्स’ : ओठ शिवलेली बाई आणि तिच्यावर पाळत ठेवणारं गाव

थॉमस ओल्डे ह्यूवेल्ट या डच लेखकाची ‘हेक्स’ ही कादंबरी आमच्या दवाखान्यात गेले काही महिने हातोहात फिरते आहे. प्रत एकच, इंग्रजी, मधली पानं आता सुटायला आलीत. मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी परिचारिका आहे. भयकथा शाळेपासून वाचते, आता बहुतेक रात्रपाळीत. या पुस्तकावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर झाली नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गोष्ट अशी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात ब्लॅक स्प्रिंग नावाचं गाव आहे. सतराव्या शतकात गावानं कॅथरीन व्हॅन वायलर या बाईला चेटकीण ठरवून मारलं. ती गेलीच नाही. अंगाभोवती साखळदंड, डोळे आणि ओठ दोऱ्यानं शिवलेले, अशी ती आजही गावात फिरते. कुणाच्याही घरात येऊन कोपऱ्यात उभी राहते, कधी कुणाच्या पलंगाशी रात्र काढते. तिच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातला टाका सुटलेला आहे, तिथून ती पुटपुटते. ते पुटपुटणं ज्याच्या कानावर पडेल त्याला जीव द्यावासा वाटतो. गावात जन्मलेला किंवा राहायला आलेला माणूस फार दिवस बाहेरही राहू शकत नाही, तिथेही तेच होतं. म्हणजे सगळं गाव तिच्याशी बांधलेलं.

इथपर्यंत ही नेहमीची भुताची गोष्ट वाटेल. पण लेखकानं गावाची रोजची व्यवस्था ज्या बारकाईनं उभी केली आहे ती वाचताना मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही. गावभर कॅमेरे आहेत. चेटकीण दिसली की मोबाइलमधल्या ‘हेक्सॲप’वर नोंद करायची. रॉबर्ट ग्रिम नावाच्या माणसाच्या हाताखाली एक पथक आहे. बाहेरचं कुणी आलं की तिला त्यांच्या नजरेआड करायचं त्यांचं काम. इंटरनेटवर पहारा, नियम मोडला तर शिक्षा. आणि हे इतकं अंगवळणी पडलेलं की सुरुवातीलाच एका घरात ती बैठकीच्या खोलीत उभी आहे आणि घरच्या बाईनं तिच्या तोंडावर भांडी पुसायचं फडकं टाकलं आहे. घरातली माणसं तिच्या शेजारी आपापलं बोलत बसलीत. मला खरी धडकी त्या फडक्यानं भरली.

आमच्याकडच्या वाचकांचं ऐका. औषध विभागातल्या मुलाला सुरुवातीचा एक तृतीयांश भाग फार रेंगाळलेला वाटला. गावातली टारगट पोरं चेटकिणीच्या ठरलेल्या वाटेवर दिव्याचा खांब आणून ठेवतात तो प्रसंग त्याला पोरकट वाटला. मला तो आवश्यक वाटतो. त्याच पोरांचा हात पुढे दगडापर्यंत जातो, आणि मग गाव भर चौकात त्यांना चाबकानं फोडून काढतं. थट्टा, दगड, चाबूक ही चढण लेखकानं घाई न करता दाखवली म्हणूनच चौकातला प्रसंग वाचवत नाही. आमच्या मोठ्या सिस्टर त्या प्रकरणाशी थांबल्या, पुढे वाचलंच नाही. त्यांचं म्हणणं, माणसं इतकी लवकर बदलत नाहीत. त्यावर धडगावकडची आमची एक आशाताई म्हणाली, “बदलत नाहीत सिस्टर, आधीपासून तशीच असतात, फक्त कुणी पहिला दगड मारायची वाट बघत असतात.” तिनं हे पुस्तक स्वतः वाचलेलं नाही. मी दुपारच्या जेवणाच्या वेळी तिला गोष्ट सांगत असे आणि ती पुढचं बरोबर ओळखत असे.

ती का ओळखत होती हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. गावात ताप येतो, पोर दगावतं, बैल मरतो. भगताकडे विचारणा होते आणि एका बाईचं नाव निघतं. डाकीण. बहुतेक वेळा ती विधवा असते, किंवा तिच्या नावावर शेताचा तुकडा असतो, किंवा ती तोंडानं फटकळ असते. अशा बाया आमच्याकडे टाके घालायला येतात. बरोबरची माणसं सांगतात, पडली. पडल्यावर जखम कुठे होते आणि मारल्यावर कुठे, हे आम्हाला कळतं. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 साली आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिला त्रास देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि दंड. आमच्या व्हरांड्यात त्याचं पोस्टर आहे. तरी बाई स्वतःच्या तोंडानं सांगते, पडले.

म्हणूनच या कादंबरीशी माझं मोठं भांडण आहे, आणि ते मी लपवणार नाही. यात शाप खरा आहे. चेटकिणीचं पुटपुटणं ऐकलं की माणसं खरोखर मरतात, म्हणजे गावाच्या भीतीला आधार मिळतो. ज्या बायांना मी पाहिलं त्यांच्यात असली कुठलीही शक्ती नव्हती. बऱ्याच जणींच्या अंगात साधं रक्तही पुरेसं नव्हतं. भयकादंबरीत भूत खरं असणार हे मला मान्य आहे. पण कॅथरीनवर तेव्हा काय गुदरलं, तिच्या मुलांच्या बाबतीत गावानं तिला काय करायला लावलं, हे लेखक थोडक्यात उरकतो. तो भाग काळजाला घरं पाडणारा आहे आणि त्याला मोजकी पानं मिळाली आहेत. गावानं तिचे ओठ शिवले, लेखकानंही ते फारसे उसवले नाहीत. मला तिचं म्हणणं ऐकायचं होतं.

इतर बायकांचंही तसंच. खाटकाचं दुकान चालवणारी ग्रिझेल्डा ही पुस्तकातली सगळ्यात गुंतागुंतीची व्यक्ती. ती चेटकिणीला चोरून नैवेद्य नेते, तिच्याशी मनातलं बोलते. आपल्याकडे वेशीबाहेर नारळ-लिंबू ठेवणारी बाई जशी एकाच वेळी घाबरते आणि मागणंही मागते, तशी. पण लेखकाची नजर तिच्या मनापेक्षा बायकांच्या शरीराकडे वारंवार घसरते. आमच्यातल्या तीन-चार जणींनी वेगवेगळ्या वेळी, एकमेकींशी न बोलता, नेमकी हीच तक्रार केली.

शेवटावरून तर दोन तट पडले. तो मी सांगणार नाही. एवढंच सांगते की स्टीव्ह ग्रँट हा डॉक्टर असलेला बाप दुःखानं वेडापिसा होऊन एक निर्णय घेतो आणि त्याची किंमत सगळं गाव मोजतं. प्रयोगशाळेतला आमचा सहकारी स्वतः बाप आहे, तो चिडून म्हणाला की कुठलाही बाप असं करणार नाही. मी खाटेशेजारी बसलेले बाप पाहिलेत. मला ते खरं वाटलं. त्यानंतर गावात जे घडतं त्यात चेटकिणीचा हात किती आणि गावकऱ्यांचा किती, हा प्रश्न लेखकानं जागा ठेवला आहे, आणि शाप खरा असल्याबद्दलचा माझा राग तिथे निम्म्यानं उतरला.

मूळ डच कादंबरी 2013 ची. ती नेदरलँड्समधल्या बेक या गावात घडते. 2016 च्या इंग्रजी आवृत्तीसाठी लेखकानं गावच अमेरिकेत हलवलं आणि शेवटही नव्यानं लिहिला. 1664 पर्यंत न्यूयॉर्कचा तो मुलूख डचांच्या ताब्यात होता, त्यामुळे चेटकिणीचं डच नाव तिथे उपरं वाटत नाही. त्याच नेदरलँड्समध्ये औडेवाटर गावात एक जुना वजनकाटा आहे. चेटकीण हलकी असते अशी समजूत होती, म्हणून संशयित बाया तिथे येऊन वजन करून घेत आणि वजन शरीराला साजेसं असल्याचा दाखला घेऊन जीव वाचवत. हे आशाताईला सांगितल्यावर तिनं लगेच विचारलं, “तो दाखला गाव मानायचं का?”

इंग्रजी फार अवघड नाही, बारावीनंतरच्या मुलांना झेपेल. कुत्र्याचे हाल वाचवत नसतील तर मधली प्रकरणं जपून वाचा. आणि घरात कुणी अलीकडे आत्महत्या केली असेल तर हे पुस्तक आत्ता हातात घेऊ नका. त्यात ती पुन्हा पुन्हा येते आणि तपशिलानं येते. आमच्यातल्या एका मैत्रिणीनं दोनदा मागितलं, तिला मी अजून दिलेलं नाही.