ख्रिस्ती विद्यापीठात मानसशास्त्राची पदवी: तिसऱ्या सेमिस्टरपर्यंतचा अनुभव

मी मूळची सांगलीची. बंगळुरात एका ख्रिस्ती संस्थेच्या खासगी विद्यापीठात बी.एस्सी. सायकॉलॉजी करतेय. ‘तिथं धर्म शिकवतात का गं?’ हे नातेवाईक अजून विचारतात. नाही शिकवत. मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, ख्रिस्ती मुलांसाठी असते, आम्हाला कुणी आग्रह करत नाही. मूल्यशिक्षणाचा तास मात्र सगळ्यांना सक्तीचा.

अभ्यासक्रमाला कात्री लागेल, ही माझी खरी भीती होती. ती लवकरच गेली. धर्म हा माणसाच्या इच्छांतून जन्मलेला भ्रम आहे, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं १९२७ मध्ये मांडलं. ते आम्हाला शिकवलं एका सिस्टरनी, कसलाही आडपडदा न ठेवता. मग त्यावरचे आक्षेप सांगितले आणि उरलेला तास वर्गाला भांडू दिलं. इतकं मोकळं शिकवणं मी आधी अनुभवलं नव्हतं.

वर्गाबाहेर हा मोकळेपणा टिकत नाही, याचा मला राग येतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, हे आम्ही परीक्षेत लिहितो. याच विषयावर मुलांना कॅम्पसमध्ये चर्चा ठेवायची होती, तर परवानगीचा अर्ज नुसता फिरत राहिला. आपल्याच वर्गातल्या कुणाला तरी त्या चर्चेची गरज असेल, हे मानसशास्त्र शिकवणाऱ्यांना सांगावं लागू नये. होस्टेलचं गेटही लवकर बंद होतं; मुलींचं जास्तच लवकर.

प्रॅक्टिकल्सना मी पैकीच्या पैकी देईन. म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग घ्या, ज्यात सारख्या लांबीच्या दोन रेघा लहान-मोठ्या दिसतात. बाणाची टोकं आत वळलेली एक रेघ, बाहेर वळलेली दुसरी. समोरच्यानं सरकपट्टी हलवून दोन्ही सारख्या करायच्या. कधी लांबकडून आखूडकडे, कधी उलट, आणि दर वेळची चूक मिलिमीटरमध्ये टिपायची. माझ्या रूममेटला हा भ्रम पाठ होता, तरी तिची पट्टी चुकीच्याच जागी थांबायची. माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं, हे त्या आकड्यांत मला पहिल्यांदा कळलं. निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था याच शहरात असल्याचा फायदाही मोठा. तिथल्या ब्रेन म्युझियममध्ये खरा मानवी मेंदू हातात घेता येतो.

गणित सुटावं म्हणून कुणी इकडे येत असेल तर थांबा. संख्याशास्त्र पहिल्यापासून आहे. सहसंबंध, टी-टेस्ट यांतून सुटका नाही.

फी आमच्याकडच्या अनुदानित कॉलेजच्या कितीतरी पट आहे. लॅब, ग्रंथालय आणि वेळ देणारे शिक्षक पाहता मला ती पटते. पण कर्ज काढणाऱ्यांनी पुढचा हिशेब आधीच मांडावा. नुसत्या या पदवीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त पुढच्या शिक्षणाशिवाय मिळत नाही. प्रवेशाच्या माहितीपत्रकात हे ठळक छापायला हवं होतं. आमच्या वर्गात कित्येकांना ते दुसऱ्या वर्षी कळलं आणि दोघी त्या दिवशी रडल्या.

संशोधनात रस असेल तर चौथं वर्ष आहे का, हे आधी विचारून घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार ‘ऑनर्स विथ रिसर्च’ या चार वर्षांच्या पदवीसाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. मी त्याच तयारीला लागलेय.