जुन्या मॅटाडोर कॅम्परमध्ये ३,८५,००० घालवले, इंजिन थंड असतानाच बघा

सांगायला लाज वाटते, पण सांगतो, कारण तो माणूस अजून गाड्या विकतोय. मी कोथरूडचा, वय ४७, आणि ऑफिसात सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की लोक मलाच विचारतात. आता नाही विचारणार. ३,८५,००० ला जुनी मॅटाडोर घेतली, मागे बेड, सिंक, शेगडी, निळे पडदे, पूर्ण कॅम्पर केलेली. २५,००० टोकन यूपीआयने, २,००,००० बँकेतून, आणि १,६०,००० कॅश. हो, कॅश, पावतीशिवाय. "घरातलाच व्यवहार समजा" म्हणाला, चहा-पोहे दिले, अंगणात तुळस होती. ओरडू नका, बायकोचं ओरडून झालंय.

"मर्सिडीजचं इंजिन आहे साहेब." आणि हे खोटं नव्हतं, हेच तर दुखतं. बजाज टेम्पो मर्सिडीजच्या परवान्यावर ते २.४ लिटरचं ओएम ६१६ बनवायची, दणकट इंजिन, मला सगळं पाठ होतं. आपल्या आकुर्डीची गाडी म्हणून वर आणि प्रेम. पण दणकट इंजिनसुद्धा मरतं ना, कोणीतरी मारलं की.

आता तो क्षण. डिसेंबर, सकाळचे साडेसात, तोंडातून वाफ येतेय अशी थंडी. मॅटाडोरचं इंजिन आत केबिनमध्येच असतं, वर झाकण. बायकोने चढताना त्या झाकणावर हात टेकला आणि म्हणाली, "अहो, गरम लागतंय हे." आणि मी शहाणा काय म्हणालो? "अगं असंच असतं! लहानपणी लग्नाच्या वऱ्हाडात आम्ही पोरं यावरच बसून भोरला जायचो, बूड भाजायचं नुसतं." मी आठवणी सांगतोय आणि तो बाजूला उभा राहून हसतोय, त्यालाही म्हणे लहानपण आठवलं. साडेसातला, न चालवलेल्या गाडीचं इंजिन गरम कसं, हे तिला कळलं, मला नाही. आम्ही यायच्या आधी त्याने ती चालवून ठेवली होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं डिझेल इंजिन थंडीत हीटर प्लग तापवूनही पटकन उचलत नाही, सेल्फ मार मार मारायचा आणि पांढरा धूर. तेच गरम केलं की अर्ध्या सेल्फमध्ये सुरू.

रेडिएटरही उघडून बघितला होता मी, अगदीच आंधळा नाही. पाणी पिवळं दिसलं, मला वाटलं कूलंट.

पहिलीच ट्रिप वाईला, खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालमध्ये, मागे पांढरा धूर, गाडी बंद. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी रेडिएटरचा नळ सोडला आणि बोटाला लागलेला गाळ माझ्या नाकापाशी धरला. हळद! लीक बुजवायला हळद टाकायची ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती, घरी पोचण्यापुरती. इथे पाव किलो तरी असेल, वास आमटीचा. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ चिखल, म्हणजे पाणी ऑईलमध्ये, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं, हेड वाकलेलं. ऑईल मुद्दाम जाड भरलेलं, खडखड दबावी म्हणून. चालू इंजिनचं ऑईलचं झाकण काढून वर ठेवायचं, ते थाडथाड उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, एवढं साधं होतं, दोन मिनिटांचं काम. क्रेन ७,५००, इंजिन कामाचा अंदाज १,४२,०००. आणि ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळत नाही, हे वेगळंच.

चौकीत गेलो. "तुम्ही गाडी बघून घेतली ना? मग?" मग म्हणाले दिवाणी मॅटर, कोर्टात जा. मी म्हटलं हळद टाकून विकणं ही फसवणूक नाही का, पूर्वीचं कलम ४२०, आता न्याय संहितेचं ३१८, तर साहेब म्हणाले तुम्ही वकील आहात का. तीन चकरा, प्रत्येक वेळी वेगळे साहेब, प्रत्येकाला हळदीपासून सुरुवात, आणि प्रत्येकजण हसला. शेवटी साधा अर्ज घेतला, त्यावर शिक्कासुद्धा मागून घ्यावा लागला. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला फोन केला, तर विकणारा धंदेवाला आहे हे दाखवा, खाजगी माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक कायदा लागत नाही. तो वर्षाला किती गाड्या विकतो ते मी कुठून दाखवू? आणि इंजिन नंबरचं विचारायला आरटीओत गेलो तर खिडकीवरचा माणूस माझ्याकडेच संशयाने बघतो, जसं काय मीच इंजिन चोरून बसवलंय! १५ वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच पाच वर्षांनी रिन्यू होतं, फिटनेस लागतो, तेव्हा हा नंबर निघणारच होता, म्हणून तर त्याला विकायची घाई.

स्वतःची बाजू घेतो असं वाटेल, पण मी मेकॅनिक नेणार होतो. त्याने रविवार सकाळच दिली, दुसरी पार्टी अकराला येतेय म्हणाला. पार्टीबिर्टी कोणी नव्हतं. अशी घाई केली की उठून या सरळ. आदल्या रात्री फोन करून सांगा की इंजिन सुरू करायचं नाही, आणि तरी पोचल्यावर आधी इंजिनवरच्या झाकणाला हात लावा.

गाडी सध्या सोसायटीच्या गेटबाहेर आहे, चेअरमनच्या दोन नोटिसा आल्यात. कोणाकडे ओएम ६१६ चं चांगलं हेड असेल तर कळवा, पण ज्या इंजिनवरचं आहे ते आधी सकाळी थंड सुरू करून दाखवायचं, आणि मी बायकोला घेऊन येणार.