स्वस्त लिक्विड कूलर आणि खाऱ्या हवेची सबब

रत्नागिरीत माझे व्हिडिओ संकलनाचे काम आहे. लग्नसराईत रेंडरिंग, म्हणजे संकलित व्हिडिओची अंतिम फाईल तयार करणे, रात्रभर चालते आणि कोअर आय-७ १२७००के हा प्रोसेसर पूर्ण ताणावर १९० वॅटपर्यंत वीज घेतो, म्हणून मी लिक्विड कूलर, म्हणजे नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारे उपकरण, घ्यायचे ठरवले. शहरातील एका विक्रेत्याने २४० मिलिमीटर रेडिएटरचा (तापलेला द्रव पंख्यांनी निववणाऱ्या जाळीचा) कूलर, नामांकित कंपन्यांच्या निम्म्या किमतीत, ‘सीलबंद, नवा, वॉरंटीसह’ असे सांगून कुरिअरने पाठवला.

बसवल्यावर पंखे फिरले, दिवे लागले आणि सुरुवातीला तापमानही आटोक्यात राहिले. पुढे मात्र रेंडर सुरू करताच तापमान १०० अंशांवर जाऊन प्रोसेसरचा वेग आपोआप उतरू लागला. या फसवणुकीत ग्राहक भुलतो तो इथेच, कारण पंखे आणि दिवे चालू दिसले की कूलर चालू आहे असे वाटते. प्रत्यक्षात द्रव फिरवतो तो प्रोसेसरवरच्या ठोकळ्यातला पंप, आणि तो बंद असला तरी बाहेरून काहीच कळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, पंपाच्या फेऱ्या शून्य दिसत होत्या. ठोकळ्याला हात लावला तर चटका बसत होता आणि रेडिएटर मात्र गार होता, म्हणजे उष्णता तिथवर पोहोचतच नव्हती.

विक्रेत्याने वॉरंटी नाकारताना लेखी कळवले, ‘तुम्ही समुद्रकाठी राहता, खाऱ्या हवेने आतून गंज चढला आहे, तो वॉरंटीत बसत नाही.’ किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्राहकाला हे उत्तर खरे वाटेल, कारण आपल्याकडे खिडकीचे गजसुद्धा गंजतात, आणि म्हणूनच मला त्याची चीड येते. खारी हवा बाहेरच्या पातळ पट्ट्या, स्क्रू आणि जोडण्या खाते; बंद नळ्यांतल्या द्रवात मीठ शिरत नाही. माझ्या रेडिएटरच्या पट्ट्या बाहेरून स्वच्छ होत्या.

हा नकार हातात आल्यावरच, चित्रीकरण चालू ठेवून, दुरुस्ती करणाऱ्या परिचिताकडून ठोकळा उघडवला. स्क्रूंची डोकी आधीच झिजलेली होती. आत पांढरट-हिरवट गाळ साचून पंप अडकला होता. अशा कूलरमध्ये प्रोसेसरला टेकणारी पट्टी तांब्याची आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. हे दोन धातू एकाच पाण्यात असले की ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून कारखान्यात ग्लायकॉल आणि गंजरोधक मिसळलेला द्रव भरतात. कुणीतरी वापरलेला कूलर उघडून, साधे पाणी भरून तो मला नवा म्हणून विकला गेला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि निर्मितीचा महिना असायला हवा, त्या जागी पांढरी चिकटपट्टी होती, आणि बिलावर जीएसटी क्रमांकही नव्हता व कूलरचा अनुक्रमांकही नव्हता.

असा कूलर घेणाऱ्यांनी खोके उघडण्यापासून पंपाच्या फेऱ्या बायोसमध्ये दिसेपर्यंत सलग चित्रीकरण करावे, आणि वॉरंटीत किनारपट्टीचा अपवाद आहे का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. नकारही फोनवर ऐकून सोडू नये, लेखीच मागावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. माझी तक्रार मी त्या लेखी नकारासह आयोगाकडे दिली आहे.