टीबीच्या कोर्समध्ये बीपीची गोळी : अ‍ॅम्लोडिपिन की टेल्मिसार्टन?

टीबीच्या कोर्समधली रिफाम्पिसिन सुरू झाली की लघवी नारिंगी होते, हे सगळे आधीच सांगून ठेवतात. बीपीची गोळी लागू पडेनाशी होऊ शकते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिसऱ्या आठवड्यात कळायला लागलं, तेही माझ्याच वहीतल्या आकड्यांवरून.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो, राहायला इंदिरानगरला. बीपी सात वर्षांपासून आहे आणि एवढी वर्षं अ‍ॅम्लोडिपिन ५ वर सगळं नीट चाललं होतं. मग मानेला गाठ आली, तपासणीत टीबी निघाला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कोर्स सुरू झाला. वजन ५८ किलो, म्हणून रोज चार औषधं एकत्र असलेल्या चार गोळ्या. असे ५६ डोस, आणि त्यानंतर तीन औषधांच्या गोळीचे ११२. हे सहा महिने मी बीपीच्या दोन्ही गोळ्यांवर काढले, सुरुवातीला अ‍ॅम्लोडिपिन आणि मार्चपासून टेल्मिसार्टन. ज्यांना आधीपासून बीपी आहे आणि आता टीबीचा कोर्स सुरू होतोय, त्यांना माझा अनुभव कामाला येईल असं वाटतं. मी डॉक्टर नाही आणि माझ्यासाठी गोळी डॉक्टरांनीच बदलली. पण प्रश्न काय विचारायचा हे माहीत असलं, तर बरेच दिवस वाचतात.

अ‍ॅम्लोडिपिनबद्दल मी वाईट बोलणार नाही, सात वर्षं तिने मला सांभाळलं आहे. शरीरातून ती फार सावकाश जाते, निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे लग्नाकार्यात एखादी गोळी चुकली तरी दुसऱ्या दिवशी आकडा उसळत नाही. तिच्यासाठी किडनीच्या किंवा पोटॅशियमच्या तपासण्या कराव्या लागत नाहीत. स्वस्त आहे आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. पायाचे घोटे सुजतात ही तिची जुनी तक्रार. मला ५ च्या डोसवर संध्याकाळी मोज्याची खूण उठायची, त्यापलीकडे काही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी सकाळचा आकडा १४२ दिसला, मग १४८. २ मार्चला १५४/९६. आधी मला मशीनचाच संशय आला. सेल बदलले, शेजाऱ्यांचं मशीन आणून लावलं, ते १५२ दाखवायला लागलं. फॅमिली डॉक्टरांनी मीठ विचारलं, झोप विचारली, टेन्शन विचारलं. टीबी म्हटल्यावर टेन्शन कोणाला नसतं? घरात पापड, लोणचं, फरसाण बंद झालं. गोळी ५ ची १० झाली. दहा दिवसांनी आकडा १४६/९२. म्हणजे डोस दुप्पट करून मी पूर्वीच्या १२८ वर नाही, १४६ वर आलो होतो.

त्या दहा दिवसांत मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो या न कळण्याचा. पहाटे सहाला मोजायचं, सव्वासहाला पुन्हा, कामावर निघताना पुन्हा. प्रत्येक आकड्याला एक कारण शोधायचं: काल भेळ खाल्ली, रात्री झोप लागली नाही, गाठ दुखत होती. सौ. जेवताना माझ्या ताटाकडे बघायची आणि मी तिच्याकडे. टीबीच्या गोळ्यांनी मळमळ होते, सांधे दुखतात, भूक जाते, हे सगळं मी सोसायला तयार होतो, कारण ते कशाने होतंय हे माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

उलगडा झाला तो टीबीच्या गोळ्या घ्यायला गेलो तिथे. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सहज विचारलं, "काका, बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी पट्टी दाखवली. त्यांनी वही मागितली, कोर्स सुरू झाल्याच्या तारखेवर बोट ठेवलं आणि तिथून खाली आकडे वाचत गेले. यकृतात औषधं मोडणारी एन्झाइम असतात. रिफाम्पिसिन ती वाढवते आणि एक-दोन आठवड्यांत हा परिणाम पूर्ण जोरात येतो. अ‍ॅम्लोडिपिन ज्या एन्झाइमने मोडते, सीवायपी ३ए४, ते यातलंच. म्हणजे गोळी मी पूर्ण गिळत होतो, रक्तात मात्र ती पुरेशी टिकत नव्हती. डोस वाढवला तरी तो त्याच वाटेने जाणार.

डोस आणखी वाढवून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन बीपी आणता येत नाही असं नाही. बऱ्याच जणांचं तसंच चालतं आणि ठीक चालतं. पण मग कोर्स संपल्यावर काय? रिफाम्पिसिन थांबली की साधारण दोन आठवड्यांत एन्झाइम पूर्वीसारखी होतात आणि तोच वाढवलेला डोस अचानक पूर्ण लागू पडायला लागतो. माझ्यासोबत गोळ्या न्यायला येणारे सिडकोतले एक गृहस्थ होते, त्यांचा कोर्स माझ्याआधी संपला. ते अ‍ॅम्लोडिपिन १० वर होते आणि डोस खाली आणायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. तीन आठवड्यांनी द्वारकेच्या बस थांब्यावर त्यांना चक्कर आली, मोजलं तर वरचा आकडा १०४. पाय असे सुजले होते की चपलेचा अंगठा मागे राहून टाच बाहेर येत होती, हे त्यांनी मला स्वतः चप्पल घालून दाखवलं. डोस ५ वर आणल्यावर दोन्ही गेलं. कोर्स सुरू झाला की गोळी वाढवा, संपला की आठवणीने कमी करा, हे मला नको होतं. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

टेल्मिसार्टन त्या एन्झाइमच्या वाटेने जातच नाही. यकृतात तिला दुसराच एक रेणू जोडला जातो आणि जवळजवळ सगळी पित्तावाटे बाहेर पडते. रिफाम्पिसिनने तिच्यात काहीच फरक पडत नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, थोडाफार पडत असेलही. माझ्या वहीत तो दिसला नाही. मार्चच्या मध्यावर ४० ची गोळी सुरू झाली, अ‍ॅम्लोडिपिन बंद झाली. पहिला आठवडा १४० च्या आसपास गेला, तिसऱ्या आठवड्यात १३२/८२, आणि नंतर तिथेच. मशीन दिवसातून दोनदाच बाहेर यायला लागलं.

पण हिचे नखरे वेगळे आहेत आणि टीबीच्या कोर्समध्ये ते जास्त जाणवतात. पहिलं म्हणजे रक्ततपासणी. सुरू करण्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, दोन आठवड्यांनी पुन्हा. यकृताची तपासणी कोर्ससाठी करतच होतो, त्याच वेळी हेही रक्त दिलं, म्हणून वेगळी फेरी पडली नाही. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांनी हा मुद्दा वरवर घेऊ नये. गरोदरपणात तर ही गोळी चालतच नाही.

दुसरं, उलटी-जुलाबाचे दिवस. मार्च संपता संपता, पहिल्या टप्प्याच्या शेवटच्या आठवड्यात, मला दिवसभर उलट्या झाल्या. बीपीची गोळी सकाळी सवयीने घेतलेली होती. दुपारी पलंगावरून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरून खाली बसलो. ९८/६२. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: अंगातलं पाणी कमी झालं असेल त्या दिवशी टेल्मिसार्टन घ्यायची नाही, मला फोन करायचा, खाणंपिणं नीट झालं की पुन्हा सुरू. अंगात पाणी कमी असताना ही गोळी बीपी आणखी खाली नेते आणि किडनीवरही ताण आणते. शिवाय उलट्या थांबत नसतील तर ते यकृताचंही लक्षण असू शकतं, म्हणून त्यांनी लगेच रक्त तपासायला लावलं. सुदैवाने नॉर्मल आलं.

तिसरं घरातलंच. सौ.ने माझ्या काळजीपोटी कमी सोडियमचं मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन स्वतःच पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही एकत्र नको. आता साधंच मीठ, पण कमी. एप्रिलच्या उन्हात रोज शहाळं प्यायची माझी सवय होती, तीही डॉक्टरांना सांगितली. त्यांनी रोजचं बंद करायला लावलं.

आणि एक बारीक गोष्ट, जी पावसाळ्यात कळली. आठवड्याच्या गोळ्या मी रविवारी सोडवून डबीच्या सात खणांत भरायचो. जुलैत एकदा गुरुवारचा खण उघडला तर टेल्मिसार्टनची गोळी खाली चिकटून बसलेली, नखाने उचकटताना भुगा झाला. ही गोळी हवेतला ओलावा ओढते, घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायची असते. तेव्हापासून मी पट्टी कात्रीने कापतो आणि गोळी तिच्या वेष्टनासकट खणात ठेवतो. अ‍ॅम्लोडिपिनने असा त्रास कधी दिला नव्हता.

बीपीच्या बाकीच्या गोळ्यांबद्दल थोडंच. मेडिकलवाले "सार्टन संपली, ही दुसरी सार्टन घ्या" म्हणून लोसार्टन पुढे करतील, पण रिफाम्पिसिन लोसार्टनलाही कमी करते, तेव्हा परस्पर बदल नको. मेटोप्रोलोलचंही तसंच. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांतली पायराझिनामाइडही तेच करते. त्याने सांधे दुखतात, आणि माझे गुडघे तेव्हा आधीच बोलत होते.

या सगळ्यात एक विचार चुकूनही मनात येऊ देऊ नका: बीपी चढतंय म्हणून टीबीची गोळी एखादा दिवस वगळून बघू, हा. बदलायची ती बीपीची गोळी. टीबीचे डोस चुकवले तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि मग कोर्सही लांबतो, त्रासही वाढतो.

ज्यांचं बीपी कोर्स सुरू झाल्यावरही अ‍ॅम्लोडिपिनवर जागेवर आहे, त्यांनी माझं वाचून गोळी बदलायला जाऊ नये. किडनीचा त्रास असेल, पोटॅशियम वरच्या बाजूला असेल, किंवा रक्ततपासणीला वेळेवर जाणं जमणार नसेल, तर अ‍ॅम्लोडिपिनच बरी, फक्त कोर्स संपायची तारीख बीपीच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवावी. पण आकडा चढायला लागला असेल आणि किडनी धडधाकट असेल, तर डोस दुप्पट करण्याआधी टेल्मिसार्टनचं नाव डॉक्टरांकडे एकदा काढून बघा असं मी म्हणेन.

वही कोर्सच्या आठवडाभर आधी सुरू करा, म्हणजे तुमचा मूळ आकडा कळेल. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, चहा अर्धा तास आधी नको. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा आणि शेजारी त्या दिवशीची प्रत्येक गोळी. घरी १३५/८५ च्या वर सतत दिसत असेल तर थांबू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि शेवटच्या डोसनंतर महिनाभर मोजत राहा, घसरण आलीच तर ती त्याच दिवसांत येते. माझा शेवटचा डोस जुलैत झाला. त्यानंतरच्या पानावर ४० च्याच गोळीवर ओळीने लिहिलंय : १२८, १३०, १२६, १२८, १३०.