मॉडबस ते ४जी गेटवे: लहान कारखान्याने घ्यावा का?

पॅनेलमधले जुने एनर्जी मीटर न बदलता त्यांचं रीडिंग मोबाइलवर आणायचं असेल, तर हा डबा कामाचा आहे: मीटर ज्या मॉडबस भाषेत आकडे देतात ती वाचून तो ४जी सिमवरून पुढे पाठवतो. पॅनेलमधल्या डिन रेल या धातूच्या पट्टीवर बसतो, २४ व्होल्ट डीसीवर चालतो. मात्र मीटरला आरएस-४८५ पोर्ट (डेटाची वायर जोडायची जागा) आहे ना, हे आधी बघा.

खरं डोकं खातं ते वायरिंग. शिल्डेड ट्विस्टेड पेअर केबल (पिळलेल्या तारांची जोडी, वर शिल्ड म्हणजे धातूचं आवरण) घ्या आणि मीटरवरून मीटरवर सरळ साखळी ओढा, मध्ये फाटे नकोत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, शिल्डला अर्थिंग एकाच टोकाला. हीच केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलसोबत एका ट्रेमधून नेली, की मोटर सुरू होताच रीडिंग तुटायला लागतं आणि खापर गेटवेवर फुटतं.

बरेच मीटर १ हाच मॉडबस पत्ता (साखळीतला मीटरचा नंबर) घेऊन येतात, तो प्रत्येकाला वेगळा द्या. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारी सेटिंग) सगळीकडे सारखी हवी. २३० व्होल्टच्या जागी भलताच आकडा आला, तर वर्ड ऑर्डर (आकड्याच्या दोन भागांचा क्रम) उलटी करून बघा. २००/५ च्या सीटीवर (मोठा करंट लहान करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवर) करंट ४० पट कमी दिसला, तर सेटिंगमध्ये हा २००/५ चा रेशो भरायचा राहिलाय. चालू लोडवर सीटीची वायर मात्र कधीही सोडू नका, जिवावर बेतेल.

लोखंडी पॅनेलमध्ये सिग्नल अडतो, अँटेना बाहेर काढा. नेट गेल्यावर डेटा साठवणारं मॉडेल असेल तरच पैसे मोजा. सिम रिचार्ज इलेक्ट्रिशियनने करायचा की आयटीवाल्याने, हे पहिल्याच दिवशी ठरवा. बंद सिममुळे पडून राहिलेले गेटवे फार दिसतात.