‘आधी थिअरी, मग फुंक’ म्हणणारा क्लॅरिनेटचा मास्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा हा प्रकार. बारावीतलं पोट्टं, घरी सहा एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी. डिसेंबरात कापसाचा चुकारा हाती आला आणि जानेवारी सरायच्या आत 66,200 रुपये एका ‘अनुभवी’ क्लॅरिनेट शिक्षकाकडे गेले. 48 तासांची आगाऊ फी 24,000, वाद्याचे 32,000, परीक्षेचे 9,000, चार रीडचे (माउथपीसवर बसणाऱ्या वेताच्या पातळ पट्ट्या) 1,200. वर्ष उलटलं तेव्हा पोराला एक सप्तक सलग वाजवता येत नव्हतं. वहीत मात्र थिअरीची साठ पानं सुवाच्य अक्षरात भरली होती.

आमिष साधं होतं. पोलीस भरतीत बॅन्ड्समनच्या जागा निघतात, हे खरं आहे. त्यावर मास्तरनं जोडलं की आपल्या ओळखीनं आणि संगीत परीक्षेच्या ‘ग्रेड 5’च्या कागदावर काम होऊन जाईल. भरतीचा अर्ज उमेदवार स्वतः भरतो, मैदानी आणि लेखीसोबत वाद्य प्रत्यक्ष वाजवून दाखवावं लागतं. तिथं ओळख सांगणारा माणूस शिकवणी विकत नाही, दुसरंच काही विकतो.

खरी चलाखी होती ती ‘आधी सहा महिने थिअरी’ या वाक्यात. ऐकायला ते शिस्तीचं वाटतं. आपल्याकडे गुरूनं वर्षभर नुसता सा लावून घेतल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या, त्यामुळे घरच्यांनाही पटलं. पण सा लावून घेणं म्हणजे वाजवणंच आहे. क्लॅरिनेटमध्ये ओठ, श्वास आणि रीड यांचं जमवायलाच महिने लागतात, ते वहीत जमत नाही. मास्तरला थिअरी हवी होती, कारण त्याला हार्मोनियम येत होती आणि क्लॅरिनेट येत नव्हतं.

हे पहिल्या वीस मिनिटांत ओळखता येतं. जाणता शिक्षक पहिल्या दिवशी पूर्ण वाद्य हातात देतच नाही. फक्त माउथपीस आणि बॅरल, म्हणजे त्याखालची आखूड नळी, जोडतो. रीड माउथपीसच्या टोकापासून केसभर खाली बसवतो, रीड धरून ठेवणारं लिगेचर बेताचं आवळतो. खालचा ओठ दातांवर किंचित दुमडून, वरचे दात माउथपीसवर टेकवून फुंकायला सांगतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचे हे दोनच भाग नीट फुंकले तर सूर हार्मोनियमच्या काळी तीनच्या आसपास लागतो. फार खाली आला तर ओठ सैल, चिरकला तर चावा जास्त किंवा रीड तिरपी. शेजारी पेटी ठेवा आणि मास्तरलाच आधी फुंकून दाखवायला सांगा. या मास्तरनं ‘माझं माउथपीस नागपूरला राहिलं’ असं तीनदा सांगितलं.

दुसरी परीक्षा याहून पक्की. डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं झाकली की क्लॅरिनेटवर सी लागतो. त्यातच अंगठ्याजवळची रजिस्टर की दाबली की वरचा सी येत नाही, वरच्या सप्तकातला जी येतो. आपल्या भाषेत, साची बोटं तशीच ठेवली की तार सप्तकातला प. बासरी, शहनाई, सॅक्सोफोन यांच्यात तीच बोटं वरच्या सप्तकात तोच सूर देतात. क्लॅरिनेट नळकांड्यासारखं सरळ पोकळीचं आणि एका टोकाला बंद असल्यागत वागतं, म्हणून ते सप्तक ओलांडून साच्या जागी तार पवर उडी मारतं. पोराच्या वहीत या कीच्या पुढं ‘ऑक्टेव्ह की : वरचा सा’ असं लिहिलेलं होतं. एवढी एक ओळ कुण्याही बँडवाल्याला दाखवली असती तर पुढचे पैसे वाचले असते.

साठ पानांत बेस क्लेफ होता, आल्टो क्लेफही होता (दुसऱ्या वाद्यांच्या स्वरलेखनाची चिन्हं), पण एक गोष्ट नव्हती: बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की पेटीवर तो काळी पाच असतो. म्हणजे गायक सफेद एकमध्ये असेल तर क्लॅरिनेटवाल्यानं डी धरायचा. भजनी मंडळ असो की मांडवातली वरात, थिअरीतलं हेच गणित पहिल्या महिन्यापासून लागतं. पोरगं सी धरून पेटीसोबत वाजवायचं, सूर एका पूर्ण स्वरानं खाली यायचा, आणि मास्तर म्हणायचा, ‘तुझा कान कच्चा आहे.’ पोराला ते खरं वाटलं, याचा राग जास्त येतो.

आता वाद्य. ‘इम्पोर्टेड, लाकडी, बोम सिस्टिम’ म्हणून दिलेलं क्लॅरिनेट प्लास्टिकचं आणि अल्बर्ट सिस्टिमचं निघालं. सिस्टिम म्हणजे की आणि बोटांची मांडणी. बोमला साधारण 17 की आणि 6 कड्या असतात, उजव्या करंगळीखाली चार की. अल्बर्टला की कमी, करंगळीखाली दोनच, बहुधा मध्ये रूळ बसवलेले. मेरठच्या जली कोठी भागातून बँडवाल्यांकडे पिढ्यानपिढ्या अल्बर्ट वाद्यं येत आली आहेत आणि त्यात वाईट काही नाही. फसवणूक अशी की सोबत बोटांचा तक्ता बोमचा दिला. तक्त्याप्रमाणे बोटं ठेवली तर काही सूर चुकणारच. प्लास्टिकचंही तसंच. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, टिनाच्या खोलीत लाकूड तडकतं, त्यामुळे शिकणाऱ्यानं प्लास्टिकच घ्यावं असं आमचं मत आहे. फक्त त्याला लाकडाचा भाव देऊ नये. आतल्या नळीत टॉर्च मारा, लाकडाच्या रेषा दिसतात की गुळगुळीत काळं, ते कळतं.

गळती घरीच तपासता येते. वरचा जोड सुटा करा, सगळी छिद्रं बोटांनी झाका, खालचं तोंड तळव्यानं बंद करून वरून हवा ओढा. ओढ काही सेकंद टिकली तर पॅड, म्हणजे कीखालच्या गाद्या, ठीक. या वाद्यात ती लगेच सुटत होती, दोन पॅड कडक झाले होते. अशा वाद्यावर उस्तादालाही खालचे सूर जड जातात.

रीडची गोष्ट लहान आहे पण तीही सांगतो. नवख्याला दोन किंवा अडीच नंबर लागतो. पोराला साडेतीन दिल्या, त्याही सुट्या, डबीशिवाय, एकीच्या टोकाला चीर. रीड दहाच्या बंद डबीतच घ्या आणि तीन-चार आलटून पालटून वापरा.

तिसऱ्या तासानंतर शिकवणी मोबाईलवर गेली. कॉलचं ॲप लांब धरलेल्या सुराला गोंगाट समजून दाबतं, त्यामुळे दोन्हीकडून काहीच धड ऐकू येत नाही. ॲपमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ची सोय असेल तर ती चालू करावी लागते. मास्तर कॅमेऱ्यात वाजवायचा ते रेकॉर्डिंग होतं, बोटं सुरांच्या मागं राहायची. ‘ए वरून बी वर जाऊन परत या’ एवढंच मागा. वाद्याच्या ‘गळ्यातल्या’, म्हणजे वरच्या टोकाच्या कीनं लागणाऱ्या ए ला जेमतेम एक बोट लागतं आणि पुढच्या बी ला जवळपास सगळी छिद्रं झाकावी लागतात. मागितल्याबरोबर हे वाजवता आलं तर तो वाजवणारा आहे.

परीक्षेबाबत अर्धं खरं बोलून पैसे घेतले. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाची ग्रेड 5 थिअरी लागते, पण ती ग्रेड 6 आणि पुढच्या प्रॅक्टिकलसाठी, आणि तिथंही दुसरे पर्याय आहेत. ग्रेड 1 ते 5 वाजवायला थिअरीची अट नाही. ट्रिनिटी या दुसऱ्या ब्रिटिश मंडळाला ती अटच नाही. नोंदणीची पावती उमेदवाराच्या नावानं, मंडळाकडून आलेली मागा. मास्तरच्या शिक्क्याचा कागद घरातच ठेवायच्या लायकीचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे परीक्षांनाही हाच नियम लावा.

पैसे यूपीआयनं गेले असतील तर प्रत्येक व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक लिहून ठेवा. ऑनलाइन फसवणूक लक्षात आल्याबरोबर 1930 वर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकायला मिळू शकतं. खोटं सांगून पैसे काढल्याचे मेसेज दाखवा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सोबत जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे: 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. कोरी पावती, रोख पैसे आणि ‘नंतर लिहून देतो’ यांनी ही तक्रार पांगळी होते. म्हणून फी महिन्याची महिन्याला द्या, आणि पहिला तास वाद्यासह समोरासमोर झाल्याशिवाय काहीच देऊ नका.

त्या वाद्याचे दोन पॅड बदलून झाले. अल्बर्टची बोटं सांगणारा माणूस बाजारपेठेतल्याच एका बँड पथकात होता, लग्नसराई संपली की तो संध्याकाळी मोकळा असतो.