डिमू बोर्गीरचा ‘डेथ कल्ट आर्मगेडन’: काही महिने सलग ऐकल्यानंतर

सिम्फॉनिक ब्लॅक मेटल, म्हणजे किंकाळ्या आणि वेगवान गिटारींच्या काळोख्या मेटलला वाद्यवृंदाची जोड. या संगीतातला ऑर्केस्ट्रा पुष्कळदा सजावटीपुरताच असतो. नॉर्वेच्या या बँडने २००३ साली त्याला विषयाच्या गाभ्यात आणून बसवलं. इतके महिने ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय: या अल्बममधला धर्म शब्दांपेक्षा ब्रासमध्ये, म्हणजे पितळी वाद्यांत, जास्त आहे.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात देवदूत एकेक करून कर्णे फुंकतात आणि दर कर्ण्यासरशी नवं संकट कोसळतं. हे डोक्यात ठेवून अल्बममधलं ‘प्रोजेनीज ऑफ द ग्रेट अपोकॅलिप्स’ हे गाणं ऐका. प्रागचा फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आधी दवंडी देतो, बँड मागून तुटून पडतो. मध्येच बँडमधल्या व्हॉर्टेक्सचा खुला, चर्चगायनाकडे झुकणारा आवाज येतो. मुख्य गायक शाग्राथच्या किंकाळीशेजारी तो विलक्षण उठून दिसतो. पण प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते, तसं इथे काही नाही. संहार माणसांनीच केलेला, आणि सुटका कुणाचीच नाही. मला हा अल्बमचा सर्वांत धीट निर्णय वाटतो.

ब्रासच का ऐकू येतो, याला कारण आहे. डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची गिटार साधारण २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंतची जागा व्यापते. चेलो आणि व्हायोला ही व्हायोलिनपेक्षा खालच्या सुरांची तंतुवाद्यं नेमकी तिथेच असतात, त्यामुळे ती बुडतात. ट्रम्पेट आणि वरच्या पट्टीतली व्हायोलिन्स तेवढी वर निघतात. त्यात ड्रमर निकोलस बार्करचा डबल बास ड्रम (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम) टकटकीत, पुढे आलेला. गाउटे स्टोरासने ऑर्केस्ट्रासाठी केलेली मांडणी म्हणूनच पहिल्या काही वेळा अर्धीच कळते.

ऐकायला बसताना फोन किंवा प्लेअरमधला बास बूस्ट, म्हणजे खालचे सूर वाढवणारी सेटिंग, आधी बंद करा. इक्वलायझरवर ६० ते १०० हर्ट्झ वाढवलं की ट्युबा आणि कॉन्ट्राबास ही खालच्या सुरांची वाद्यं आणि किक (बास ड्रम) यांचा एकच गोळा होतो. ३ ते ४ किलोहर्ट्झजवळ २-३ डेसिबल कमी केले तर किकची टकटक आणि गिटारचा कर्कशपणा दोन्ही उतरतात. ट्रम्पेटला फारसा धक्का लागत नाही. आवाज मध्यम ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच नका, खालची वाद्यं मुळात पोहोचतच नाहीत. स्वस्त ब्लूटूथ हेडफोनवर झांजा फिसकटतात, वायर लावलेली बरी.

तासाभराचा हा अल्बम एका बैठकीत जड जातो, सलग ब्लास्टबीटने, म्हणजे ड्रमच्या अतिवेगवान माऱ्याने, कान बधिर होतात. ‘ब्लड हंगर डॉक्ट्रिन’ या गाण्यानंतर थोडं थांबावं. ‘व्रेडेसबीर्ड’ सरळ गिटार-ड्रमचं गाणं. दणकट आहे, पण विषयात भर घालत नाही.

‘इरॅडिकेशन इन्स्टिंक्ट्स डिफाइन्ड’ मात्र सोडू नका. आधी बँडच्या ‘फोर्सेस ऑफ द नॉर्दर्न नाइट’ या मैफलींच्या ध्वनिचित्रमुद्रणातलं, २०११ च्या ऑस्लो मैफलीतलं नुसत्या ऑर्केस्ट्राचं रूप ऐका, मग अल्बममधलं. गिटारखाली गाडलेले चेलो कुठे आहेत ते तेव्हा सापडतात.